पांढऱ्या पापण्या

अप्पांना काचबिंदू झाला तेव्हा मी तेरा वर्षांची होते. आई आधीच गेली होती. एग्मोरच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून तपकिरी बाटलीत थेंब मिळत. जुने झाले की ते गुलाबी पडत, मग टाकून द्यायचे. सकाळ-संध्याकाळ अप्पा बाकावर आडवे होत आणि मी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालत असे. डोळे चुरचुरत, कपाळ ठणके, पण ते हलत नसत.

दोनेक वर्षांनी त्यांच्या पापण्या कडेने पांढऱ्या पडू लागल्या. अप्पा चांगलेच काळे, त्यामुळे ते लांबूनही दिसे. मग पांढरेपणा डोळ्यांखाली उतरला.

त्याच सुमारास माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, पाहायला तंजावरहून आमच्यातलीच मंडळी आली. मुलाच्या आईने अक्काकडे कमी आणि अप्पांकडेच जास्त पाहिलं. आठवड्याने स्थळ आणणारे मामा आले आणि चप्पल न काढता दारातूनच म्हणाले, "त्यांना कोडाचं घर नको."

दुसऱ्या दिवशी मी बाटली घेऊन गेले तर अप्पा म्हणाले, "ठेव तिथे. आता माझं मी घालीन."

वर्षभर बाटल्या संपत होत्या, नव्या येत होत्या. पापण्यांवर थोडा रंगही परतला. मग एका सकाळी अप्पांचा हात समोरच्या पेल्याला लागला, आणि तो पडल्यावरच तिथे पेला होता हे त्यांना कळलं. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं.

"थेंब चुकत होते का?" डॉक्टरांनी विचारलं.

"वर्षभर घातलेच नाहीत. पापण्या पांढऱ्या पडल्या, लोकांना ते कोड वाटलं, म्हणून मोरीत ओतत होतो."

डॉक्टरांनी पापण्या निरखून पाहिल्या. मग म्हणाले, "रंग या थेंबांनी गेला होता. क्वचित होतं असं. ते कोड नव्हतं. येऊन दाखवलं असतंत तर मी औषध बदललं असतं."

"आता बदललं तर?"

"उरलंय तेवढं टिकेल."

उजव्या डोळ्यात काहीच उरलं नव्हतं. डाव्याला समोरच्या माणसाचा चेहरा तेवढा दिसे.

पुढच्या वर्षी अक्काचं लग्न ठरलं. वडिलांना नीट दिसत नाही, हे आम्ही आधीच सांगितलं होतं. त्यावर त्या लोकांनी काही विचारलं नाही. अक्का मात्र अप्पांशी बोलेनाशी झाली होती. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांना जेवायला वाढताना एकदाच म्हणाली, "माझ्यासाठी केलं, असं कधी म्हणू नका."

"नाही म्हणत," अप्पा म्हणाले.