कुलूप नव्हतं म्हणून उघडेना

हिचा शेवटचा फोन पुण्याच्या दवाखान्यातून आला. "अहो, रोपांना पाणी घातलं का?" मी म्हणालो, घातलं. तर म्हणाली, "तुमी घातलं म्हंजी निम्मे ट्रे कोरडेच आसतील." दुपारी मुलीचा फोन आला... आई गेली. मी तेव्हा वारूळवाडीत आमच्या नर्सरीतच उभा होतो, हातात पाइप तसाच चालू.

शकुंतला माझी बायको. नर्सरी नावाला माझी, चालवायची ती. टोमॅटोची रोपं तयार झाली की फोनवर त्यांचा व्हिडिओ काढायची आणि गिऱ्हाइकांना पाठवायची. फोन भरला की सगळं वायफायवरून घरच्या कंप्युटरमध्ये टाकून फोन रिकामा. व्हिडिओत स्वतः कधी नाही, नुसता हात आणि आवाज. पण कंप्युटरचा आवाज कधीचाच बसलाय, पेनड्राइव्ह घालायच्या जागा मातीनं बुजल्यात. चालू केलं की हिरव्या बांगड्यांचा हात रोपांवरून फिरतो, ऐकू काहीच येत नाही. आवाज पाहिजे होता मला. दुसरं काय मागत होतो?

मासिक श्राद्धाला सुरेखा, आमची मुलगी, लॅपटॉप घेऊन आली. म्हणाली, "नाना, वायफाय एकच हाय, फोल्डर शेअर करते, इकडं वाजवू." पण तिच्या लॅपटॉपची सिस्टीम वेगळी, आमच्या कंप्युटरची वेगळी. फोल्डरचं नाव दिसायचं, उघडायला गेलं की पासवर्ड मागायचं. तिनं आईचं नाव घालून पाहिलं, माझं घातलं, गाईचं सुद्धा.

"आगं, पासवर्ड नव्हताच तिचा."

"नसंल कसा? मागतंय ना!"

"मागू दे. तुझ्या आईनं घराला कधी कुलूप लावलं का? गिऱ्हाईक आलं की आपल्या हातानं कंप्युटर लावून रोपं बघायचं."

"मग रिकामं ठिवून बघते... न्हाई घेत. नाना, तुमी इसरला आसाल."

डोकं फिरलं माझं. दोन्ही यंत्रं एकाच टेबलावर, मधे चहाची कपबशी, आणि एकमेकांना ओळख देईनात! शेवटी नारायणगावच्या कंप्युटरवाल्या सलीमला फोन लावला. तो हसला. "भाऊ, पासवर्ड न्हाई म्हनूनच आडलंय. समोर बसलात तर चालतं, पण बिनपासवर्डच्या खात्यात ते लांबून कुनाला घेत न्हाई. आदी पासवर्ड ठिवा."

म्हणजे उघडायचं तर आधी कुलूप लावा! मी नाही म्हणालो. तिच्या वस्तूला तिच्यामागं कुलूप लावणारा मी कोण? सुरेखा रडायला लागली. "मला बी ऐकायचंय, नाना." मग म्हणालो, "लाव बाई."

लावलं, आणि उघडलं. पहिल्याच व्हिडिओत रोपांवर एक काळं काहीतरी पडलेलं. आवाज आला, "अहो, सरका की! तुमची सावली पडतीया, गिऱ्हाईक म्हनंल रोपं करपली." सुरेखा रडता रडता हसायला लागली. मी खुर्ची बाजूला ओढली होती, ते मला नंतर कळलं.

सुरेखा होती तोवर सगळे व्हिडिओ पुन्हा पुन्हा ऐकले, मग लॅपटॉप तिच्याबरोबर गेला. इथं आता कंप्युटर रोज मलाच पासवर्ड विचारतो, मी एका बोटानं घालतो, चुकतो, त्याला शिव्या देतो. मग हात दिसतो, मुका. पण कुठल्या जागी ती काय म्हणते ते आता मला पाठ आहे... सावली आली की मी सरकतो.