दुसऱ्याच्या शब्दांमधला विल्फ्रेड

विल्फ्रेड गेल्याचं कळलं तेव्हा मी त्याच्यावर चिडून बसले होते. डबिंग स्टुडिओत मालिकेचा शेवटचा भाग लावून ठेवला होता आणि ह्याचा पत्ता नव्हता. तेवढ्यात त्याच्या बायकोचा, ज्युलिएटचा फोन आला. "मीनल, विल्फी गेला गं... हॉटेलात, युनिफॉर्म बदलता बदलता." काही महिने होऊन गेले, तरी स्टुडिओचं दार वाजलं की मी अजून वळून बघते.

वसईचा हा माणूस एरवी दुबई मरीनातल्या एका हॉटेलात रिसेप्शनवर उभा असायचा आणि सुट्टीच्या दिवशी किंवा ड्युटी संपल्यावर आमच्याकडे आवाज द्यायला यायचा. मालिका परदेशी, गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याची. जुन्या काळातली, पण हसवता हसवता चावणारी. तिच्यात माणसांचा लिलाव पुकारणारा एक दलाल होता, तो विल्फ्रेडच्या वाट्याला आला. मी त्याचे मराठी संवाद अगदी बाजारी, आरडाओरड्याचे लिहिले होते. विल्फ्रेडने कागद बाजूला ठेवला. "हा ओरडेल कशाला? ह्याला गेस्ट सांभाळायचेत. सर्टनली सर, हिचे दात बघून घ्या सर... असं बोलू दे ना." आणि तो तसाच, अदबीने बोलला. आम्ही आधी पोट धरून हसलो, मग कुणी कुणाकडे बघेना. त्या दिवशी परतताना मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पकडे निघालेल्या कामगारांच्या बसेस सिग्नलला उभ्या होत्या. खिडक्यांना डोकी टेकून माणसं झोपली होती. "आपण जुनी गोष्ट सांगतोय ना गं?" एवढंच तो म्हणाला. ते वाक्य माझी पाठ सोडत नाही.

तो गेल्यावर स्टुडिओचा मॅनेजर म्हणाला, "एका कॅरॅक्टरला दोन आवाज कसे चालतील? नवीन आर्टिस्ट घ्या, पहिल्यापासून सगळं रीडू करा. खलास." मी भांडले, चक्क रडले. जुनं रेकॉर्डिंग बाहेर द्यायची परवानगी नव्हती, म्हणजे विल्फ्रेडचा आवाज पुसलाच जाणार होता. ज्युलिएट विनवत होती, "एवढंच तर राहिलंय त्याचं. रियाला ऐकवायचंय." रिया त्यांची शाळेत जाणारी मुलगी. पण माझं कोण ऐकतंय...

मालिका टीव्हीवर लागली तेव्हा दुबईतल्याच ऊद मेथा भागातल्या त्यांच्या घरी मी त्या दोघींजवळ बसले होते. दलाल परक्या आवाजात बोलू लागला. ज्युलिएटने तोंड फिरवलं. बोली पुकारण्याआधी तो जरा थांबला, नाकाने लांब श्वास ओढला, आणि रिया ताडकन उभी राहिली. "ममा, दॅट्स पप्पा!"

विल्फ्रेडची पद्धतच होती, शब्दांच्या आधी पात्राचे श्वास, उसासे, खोकले वेगळे रेकॉर्ड करायचे. सगळ्या भागांचे त्याने करून ठेवले होते. नव्या माणसाला ते जमेनात, म्हणून स्टुडिओतल्या साउंड इंजिनिअरने मलाही न सांगता त्याचेच ठेवले होते. माणसं विकणाऱ्या त्या दलालाच्या छातीत आमचा विल्फ्रेड होता.

ज्युलिएटने आवाज वाढवला. पुढचे संवाद आम्ही ऐकलेच नाहीत. तो माणूस कधी बोलायचा थांबतो आणि विल्फ्रेड कधी श्वास घेतो, याचीच वाट बघत बसलो.