मिलवाले काकांचे चार इंच

मिलवाले काका कुठल्याही खोलीत शिरले, की आधी वर बघायचे. माणसांकडे नंतर. माझ्या लग्नात स्टेजवर आले, आहेराचं पाकीट हातात तसंच, आणि मान वर करून कार्यालयाच्या छताकडे बघत उभे राहिले. मागे रांग खोळंबलेली. सासूबाईंना वाटलं, यांना चक्कर येतेय. मी म्हटलं, "काका, आधी आशीर्वाद द्या." तर म्हणाले, "देतो गं. पण या पंख्याचा हुक मला ठीक नी वाटत. तुम्ही जरा तिकडे सरकून उभे राहा." सासूबाई सरकल्या, मी सरकले, नवराही निमूट सरकला. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये सगळी मंडळी एका कोपऱ्यात आणि मधलं स्टेज रिकामं दिसतं, ते यामुळे.

इंदूरच्या मल्हारगंजात एका साड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर आमच्या साहेबांचं आर्किटेक्टचं ऑफिस होतं. काका तिथे हेड ड्राफ्ट्समन. त्याआधीची सव्वीस वर्षं त्यांनी इंदूरच्याच एका कापड मिलच्या ड्रॉइंग ऑफिसात काढली होती. मिल बंद पडली तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडलेली. त्यांच्या बरोबरच्या कोणी किराणा टाकला, कोणी शाळेच्या फाटकावर शिपाई म्हणून बसला, कोणी नुसताच घरी बसला. काकांना साहेबांनी घेतलं, कारण त्यांच्यासारखं अक्षर आणि त्यांच्यासारखी रेघ इंदुरात दुसऱ्या कोणाची नव्हती. दुसरी नोकरी मिळाली हेच नशीब, तिसरी मिळणार नाही, हे काका स्वतःच सांगायचे. अगदी हसत सांगायचे, पण सांगायचे.

मी कॉलेजातून नुकतीच बाहेर पडून तिथे लागले होते आणि मला वाटायचं, की मला सगळं येतं. पहिल्याच आठवड्यात काकांनी मला त्यांच्या टेबलाशी उभं केलं. टेबल म्हणजे जाड काच आणि काचेखाली दोन ट्यूबलाइट. दर शनिवारी अकरा वाजता ते ठेकेदाराला, नळवाल्याला, वीजवाल्याला तिथे बोलवायचे. प्रत्येकाचा नकाशा ट्रेसिंग पेपरवर असायचा. काका ते एकावर एक ठेवायचे, दिवे लावायचे, आणि कोणाचा पाइप कोणाच्या भिंतीत घुसतोय ते सगळ्यांना एकदम दिसायचं. मग कचोऱ्या यायच्या आणि भांडण सुरू व्हायचं. "भांडू दे," काका म्हणायचे. "इथे भांडण मिटवायला रबर पुरतं. साइटवर घण लागतो."

मग ऑफिसात कॉम्प्युटर आला. आम्हाला वाटलं, काका आता रुसणार. ते स्टूल ओढून माझ्याशेजारी येऊन बसले. माऊस त्यांच्या हातात काही केल्या राहायचा नाही, टेबलावरून घरंगळायचा. म्हणून मी माऊस धरायचा आणि त्यांनी सांगायचं. माझ्याकडचा प्रोग्राम नुसत्या रेघा काढणारा नव्हता. त्यात भिंत ही भिंत म्हणूनच उभी राहायची, तिची जाडी, उंची, तिच्यातलं दार, सगळं तिच्यासोबत. काकांना हे इतकं आवडलं, की ते पडद्यातच राहायला गेले. "बेटा, आता जिन्यावरून वर चल. हळू. थांब, थांब, इथे डोकं लागतंय." आणि खरंच मान खाली घालायचे. ऑफिसातली मुलं हसायची. काकांना त्याचं काही नव्हतं.

तेव्हा आमच्याकडे सुदामा नगरच्या बाजूला एका नर्सिंग होमचं काम आलं. चार मजले, ऑपरेशन थिएटर, लिफ्ट, एसी, ऑक्सिजनची लाइन. एवढं सगळं ट्रेसिंगवर मावणार नाही, हे काकांनीच पहिल्यांदा ओळखलं. पण अडचण अशी, की बीम-कॉलमचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरचा प्रोग्राम वेगळा, एसीवाल्यांचा वेगळा, आणि एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडायची नाही. मी कुठूनतरी वाचून काकांना सांगितलं, की आता एक सामाईक पद्धत निघाली आहे. ती कुठल्या एका कंपनीच्या मालकीची नाही. त्या पद्धतीनं मॉडेल साठवलं, तर ते कोणाच्याही प्रोग्राममध्ये उघडतं आणि प्रत्येक जण त्यात आपापलं काम घालून परत पाठवू शकतो. काकांनी ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे काचेचं टेबल सगळ्यांच्या घरी."

साहेबांना मात्र ते मुळीच पसंत नव्हतं. पूर्वी एका ठेकेदारानं त्यांच्या एका बंगल्याच्या नकाशावरून इंदूरजवळच्या हातोदला दुसराच बंगला बांधला होता, तेव्हापासून ते पोळलेले. त्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावून स्पष्ट सांगितलं, "बाहेर कागद जाईल. मॉडेल जाणार नाही. ज्यानं पाठवलं, त्यानं दुसऱ्या दिवशी यायचं नाही." मी लगेच मान डोलावली. काकांनी डोलावली नाही.

जिना उतरताना मी म्हटलं, "काका, जाऊ द्या ना. आपलं काय जातं?" तेव्हा त्यांनी मला मिलमधली गोष्ट सांगितली, पायरीवर उभ्याउभ्याच. मिलमध्ये प्रत्येक खात्याचे नकाशे वेगळ्या कपाटात, प्रत्येक कपाटाला कुलूप. एकदा एक फिटर त्यांच्याकडे आला, भिंतीला भोक पाडायचं होतं, आतून काय जातं ते बघायचं होतं. काकांनी लेखी परवानगी मागितली. तसा नियमच होता. फिटर वैतागून गेला आणि अंदाजानं भोक पाडलं. आत वाफेची लाइन होती. "त्याचा हात वाचला," काका म्हणाले, "पण बोटं पूर्ण मिटत नाहीत. माझ्या बहिणीच्याच गल्लीत राहतो, दर राखीला भेटतो. कधी एका शब्दानं बोलला नी मला." मग खिशात हात घालून म्हणाले, "आणि ते कपाट? मिल बंद झाली, नकाशांसकट भंगारात गेलं. किल्ली अजून माझ्याकडे आहे."

दोन दिवसांनी काकांनी मॉडेलच्या दोन सीडी काढवून घेतल्या. माझ्याकडून नाही, मला अडकवायचं नव्हतं त्यांना. एक बीमच्या इंजिनिअरला, एक एसीवाल्यांना. लपूनछपून नाही हं. जावक रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात नोंद केली, खाली सही केली, आणि रजिस्टर घेऊन स्वतः साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. केबिनमधून साहेबांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. काकांचा नाही. बाहेर येऊन त्यांनी आपल्या पेन्सिली डब्यात भरल्या, डबा पिशवीत घातला, मला म्हणाले, "ती लिफ्टची खोली एकदा बघून घे," आणि गेले. मला त्यांचा इतका राग आला, की मी निरोपालाही उठले नाही. एवढा हट्ट कशाला म्हणते मी. बायको आजारी, मुलगी बी.एड. करतेय, आणि यांना हे सुचतंय.

ते गेले सोमवारी. गुरुवारी दोघांकडूनही मॉडेल आपापलं काम घालून परत आलं. मी दोन्ही एकत्र उघडली. एसीची हवा नेणारा प्रत्येक पत्र्याचा बोगदा प्रत्येक बीममध्ये चार इंच घुसलेला होता. एक-दोन ठिकाणी नव्हे, चारही मजल्यांवर, सरसकट चार इंच. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर तर तो बोगदा खाली घेतला असता तर दारालाच टेकला असता, आणि एसीवाले सोमवारपासून पत्रा कापायला घेणार होते.

मी दुपारभर शोधत बसले. चूक बीमवाल्याची नव्हती, एसीवाल्यांचीही नव्हती. मिलमध्ये यंत्रं फरशीवर उभी राहतात, म्हणून तिथे प्रत्येक उंची तयार फरशीपासून मोजायची रीत. काकांनी सव्वीस वर्षांच्या सवयीनं मला सगळ्या उंच्या तशाच सांगितल्या होत्या. बाकीचं जग स्लॅबपासून मोजतं. मधे सिमेंटचा मसाला आणि कोटा फरशी, मिळून चार इंच. मी काही न विचारता ते आकडे भरले, आणि आमची अख्खी इमारत खऱ्या जागेपेक्षा चार इंच वर जाऊन बसली. एसीवाल्यांनी बिचाऱ्यांनी आमच्या बीमखाली बोगदे बरोबर बसवले होते. आमचे बीमच खोटे होते.

मला काय सुचलं ते लिहायला आज लाज वाटते, पण लिहिते. मी ठरवलं, गुपचूप इमारत चार इंच खाली घ्यायची, नवी फाइल करायची, आणि एसीवाल्यांना सांगायचं की तुमचा बोगदा जाड झालाय, चपटा करा. कोणाला कळलं नसतं. काकांच्या परत येण्याची जी काही थोडीफार आशा होती, ती शाबूत राहिली असती. साहेबांना हे कळलं असतं तर ती आशा तिथेच संपली असती.

संध्याकाळी मी काकांच्या घरी गेले. काकूंनी चहा ठेवला. मी हळू आवाजात सगळं सांगितलं, माझी युक्तीही सांगितली. मला वाटलं, काकांचा चेहरा पडेल. ते तर सरसावून बसले. "चार? सगळीकडे चारच? कुठे पाच नाही, तीन नाही?" मी म्हटलं, सगळीकडे चारच. "मग फरशीच," ते म्हणाले, आणि चक्क खूश झाले. "सापडली ना? बढिया झालं."

"काका, अहो तुमची नोकरी..." मी म्हटलं.

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "बघ मेधा, तू हे माझ्यासाठी झाकशील. मी परत येऊन खुर्चीवर बसेन. पण मग रोज सकाळी आल्यावर नकाशाच्या आधी मी तुझं तोंड बघेन, आज सांगते की काय म्हणून. असं नी जमणार मला." काकू आत स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होत्या. त्या फक्त म्हणाल्या, "शनिवारी कोणता शर्ट घालाल, काढून ठेवते."

शनिवारी अकराला सगळे जमले. बीमवाले इंजिनिअर, एसीवाल्यांचा माणूस, ठेकेदार राधेश्यामजी, नळवाले, वीजवाले, आणि मधे साहेब. काका जिना चढून आले, न बोलावता. साहेबांच्या कपाळावर आठी चढली, पण चार लोकांसमोर ते काही बोलले नाहीत. काकांनी मला पडद्यावर मॉडेल उघडायला लावलं आणि सगळ्यांना सांगितलं, "हे चार इंच माझे आहेत. मी फरशीपासून मोजलं, तुम्ही स्लॅबपासून. पोरीनं मी सांगितलं तेच भरलं. एसीवाल्यांची काहीच चूक नाही, त्यांना पुन्हा काम करावं लागेल, त्याची माफी मागतो."

मग राधेश्यामजी म्हणाले, "भिया, तीस साल हो गए ठेकेदारी में. नक्शे वाला अपनी गलती काम से पहले बताए, ये आज पहली बार सुन रिया हूँ." एसीवाल्यांचा माणूस हसला आणि आपली वही उघडून उंच्या पुन्हा लिहून घ्यायला लागला.

साहेब मात्र पडद्याकडेच बघत होते. त्यांनी विचारलं, "काका, तुम्ही ही फाइल बाहेर दिली नसती, तर हे कोणाला कळलं असतं?"

"राधेश्यामजींना," काका म्हणाले. "शिडीवर उभं राहून, छताला डोकं टेकवून."

साहेब उठले, केबिनपर्यंत गेले आणि दारातून वळून म्हणाले, "सोमवारपासून या." काका म्हणाले, "साहेब, आज शनिवार आहे. काम तर आजचं आहे." आणि स्टूल ओढून माझ्याशेजारी बसले. दुपारी तीनपर्यंत आम्ही चारही मजले चार-चार इंच खाली आणले. मी इतकी आनंदात होते, की दोनदा चुकीचा मजला हलवला, आणि दोन्ही वेळा काकांनी सगळ्यांदेखत सांगितलं.

त्यानंतर काकांनी तिथे नऊ वर्षं काम केलं. मॉडेल बाहेर जाऊ लागलं, शनिवारची भांडणं पडद्यासमोर व्हायला लागली. मग त्यांचे डोळे थकले, ते घरी बसले, आणि एका हिवाळ्यात, फार त्रास न होता, गेले.

आता माझं स्वतःचं ऑफिस आहे. हाताखाली सात-आठ मुलंमुली आहेत. हुशार आहेत, पण माझी चूक दिसली तर एकमेकांकडे बघतात आणि गप्प बसतात. मॅडमना कोण सांगणार? हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, तेव्हा मला काकांची अशी काही आठवण आली, की मी दार लावून घेऊन रडले. मॉडेल तर मी सगळ्यांना उघडं करून दिलं होतं, पण त्यातली माझी चूक सांगायची वाट काही उघडली नव्हती. मग मी प्रत्येक मीटिंगची सुरुवात माझ्याच चुकीनं करायला लागले. या आठवड्यात माझं इथे इथे चुकलं, असं सगळ्यांना सांगून. मुलांना सुरुवातीला ते फार विचित्र वाटायचं. मलाही.

गेल्या महिन्यात ऑफिसातल्या सगळ्यांत नव्या मुलीनं भर मीटिंगमध्ये, बाहेरचे लोक बसलेले असताना, हात वर केला. म्हणाली, "मॅडम, हा जिना चुकलाय. तुम्हीच केला होता." मी बघितलं. चुकलाच होता. बाकीची मुलं माझ्याकडे बघत होती, आणि मला काका गेल्यापासून पहिल्यांदाच त्या ऑफिसात एकटं वाटलं नाही.