थोरल्या दिरांपुढं

टँकरच्या ओल्या रबरी पाइपाचा वास आला की बजाजनगरातली दुष्काळातली ती दुपार आठवते. दहावीत नापास झाल्यापासून आमची पोरगी खोलीचं दार लावून बसायची, बोलायला गेलं की ताट भिरकावायची. तिच्यासाठी दर शनिवारी एक समुपदेशक बाई यायच्या. तिच्याशी बोलून झालं की आम्हा नवरा-बायकोलाही समोर बसवायच्या आणि सांगायच्या, "तिला सुधारायला जाऊ नका, आधी तिच्या बाजूनं उभं राहा." त्या दुपारी गंगापूरहून थोरले दीर तिच्यासाठी स्थळ घेऊन आले. "लग्न लावून द्या, आपोआप सरळ होईल," म्हणाले. नवरा मान खाली घालून बसला. दारात टँकर आलेला, सगळी गल्ली हंडे घेऊन ऐकत होती. लग्न झाल्यापासून मी दिरांपुढं कधी तोंड उघडलं नव्हतं. उठले आणि पोरीच्या दाराला पाठ लावून उभी राहिले. "भाऊजी, माझी पोरगी वाकडी नाय. तिचं लग्न आत्ता होणार नाय." "मग करणार काय ती?" "ते ती ठरवील. तोवर हितंच राहील." दीर चहा न घेताच निघून गेले. माझ्या पाठीमागं हळूच कडी निघाली. पोरीला लई डोक्यावर चढवलं, असं नातलग आजही म्हणतात. व्हय, चढवलं.