हाक ऐकण्यासाठी रजा

भिवंडीच्या नारपोलीत लाइट गेली की आमच्या कारखान्यातले सगळे लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग, एका दमात थांबायचे. लूमच्या खडखडाटात तुम्ही कधी बारा तास काढले असतील तर तुम्हाला ठाऊक असेल, आवाज थांबला तरी माणसं थांबत नाहीत. दोन मिनिटं सगळे एकमेकांच्या अंगावर ओरडतच राहतात. मग कुणीतरी हसतं आणि सगळे चहाला बाहेर पळतात. एकच माणूस जागचा हलायचा नाही. लूमच्या मागे उकिडवा बसलेला, उजव्या हाताचं बोट वर, मान जराशी तिरकी.

"गप बसा जरा," तो म्हणायचा. "आता येईल."

काय येईल ते सगळ्यांना ठाऊक होतं. देवाची हाक.

त्याला आम्ही पादरी म्हणायचो. तो पादरी नव्हता, हेच तर त्याचं दुखणं होतं. काम होतं बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले मोठे रूळ, जोडायचं. लूमवरचं सूत संपत आलं की नव्या बीमाची एकेक तार जुन्या तारेला जोडायची, बोटांना राख लावून पीळ द्यायचा. हजारो तारा, चार-चार तास एका जागी बसून. त्याच्या हातची जोडलेली तार सहसा तुटायची नाही. मी तिथला मुकादम, त्यामुळे असा माणूस हातचा जाऊ नये एवढीच माझी इच्छा, आणि हा दर दोन वर्षांनी देवाला शोधायला निघायचा.

मूळचा नगरकडचा, आजोबांपासून ख्रिस्ती. आजोबा गावोगाव फिरून उपदेश करायचे. त्याच्या आईनं मरताना सांगितलं होतं, की तूही त्याच कामाला जाशील. तेव्हापासून ते याच्या डोक्यात बसलेलं. भेटला की 'सलाम' म्हणायचा, त्यांच्यात तशीच पद्धत. भिवंडीत त्यामुळे पहिले सहा महिने लोक त्याला मुसलमानच समजत होते. आमच्याकडे लूम चालवणारा एक म्हातारा चाचा होता, उत्तर प्रदेशातला. तो तर नमाजाची वेळ झाली की याला हाताला धरून उठवायचा. हा भिडस्त. मशिदीच्या दारापर्यंत जायचा, चाचाच्या चपला सांभाळत बसायचा आणि त्याच्याबरोबर परत यायचा. खुलासा करायला त्याला सहा महिने लागले.

"मुकादम, मला पाचारण हाये," तो मला सांगायचा. पाचारण म्हणजे देवानं नेमून दिलेल्या कामाचं बोलावणं, हा शब्द मला त्यानंच शिकवला. "काय करायचं ते ऐकू येत नाही, एवढंच. या खडखडाटात देव तरी किती ओरडंल?"

"मंग काय लूम बंद करू?"

"नको. मला रजा द्या."

पहिली रजा त्यानं अकलोलीला काढली. गरम पाण्याची कुंडं, झाडी, तिथं निवांत ऐकू येईल असा हिशेब. आठ दिवसांनी परत आला तो टोमॅटोसारखा लाल. कुंडावर सांधेदुखीवाल्यांची ही गर्दी. जो तो याला आपल्या गुडघ्याची कथा सांगायचा आणि हा ऐकून घ्यायचा. देवाला मध्ये बोलायला फट मिळाली नाही. त्याची बायको, आम्ही तिला वहिनी म्हणायचो, दारात बसून सुताच्या कांड्या भरत होती. मान वर न करता म्हणाली, "देवानं उकडून परत धाडलं."

पुढे मानकोलीला नवी गोदामं उठायला लागली, तेव्हा याने लूम सोडून तिथं रखवालदारी धरली. मी चिडलो. चार शब्द जास्तच बोललो. दीड महिन्यानं माझाच जीव राहीना, म्हणून बघायला गेलो. आजूबाजूला भातशेती, माणूस ना काणूस. पादरी खुर्चीवर बसलेला आणि मांडीवर रेडिओ, त्यातून नुसती खर्रर्र खर्रर्र.

"स्टेशन लागत न्हाय का?" मी विचारलं.

"लागतंय. मुद्दाम मधे ठेवलंय." जरा ओशाळला. "इथं लई शांत हाये, मुकादम. भ्या वाटतं."

दुसऱ्या दिवशी तो बीमामागे हजर होता.

आता एक गोष्ट सांगतो, ती लक्षात ठेवा. लूमवर आम्ही तोंडानं बोलत नाही. बोलतो हातांनी आणि ओठांनी, आवाज न काढता, कारण काढून उपयोग नसतो. दोन बोटं एकमेकांवरून सरकवली की तार तुटली. अंगठा ओठाला लावला की चहा. कपाळावर आडवा हात म्हणजे शेठ आला. अशा खुणांत आम्ही भांडायचो, लग्नं जुळवायचो, एकमेकांची टिंगल करायचो. वीस-पंचवीस वर्षं लूमवर काढलेल्या माणसाला पुढे कानानं कमीच ऐकू येतं. चाचा तर ठार बहिरा झाला होता. काम सुटलं तरी रोज येऊन कारखान्याच्या दारात बसायचा, कारण घरी पोरांनी त्याच्याशी बोलणं सोडलं होतं.

नव्वदच्या आसपास त्यांच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी पादरीला एक संधी दिली. एका रविवारी उपदेश करून दाखवायचा. पंच ऐकतील, पसंत पडला तर धर्मशिक्षणाला पाठवतील. पादरीनं तीन महिने तयारी केली, आणि कुठे केली? लूममध्ये, आमच्यासमोर. विषय होता, वाट चुकून रानात भटकणाऱ्या माणसांना देव कसा सांभाळतो. बीम जोडता जोडता तो हातांनी उपदेश करायचा आणि आम्ही चुका काढायचो. देवासाठी त्यानं शेठची खूण वापरली होती. मी हरकत घेतली, शेठला फुकट मान मिळत होता. तो म्हणाला, "दुसरी हाये का तुमच्याकडं?" नव्हती.

त्या रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसलो. पादरी पुढे उभा राहिला. वहिनीनं पदर सावरला. त्यानं डोळे मिटले, उघडले आणि सुरुवात केली. सुरुवात म्हणजे ओठ हलले, हात हलले, आणि आवाज नाही. तीन महिने जसा केला होता तसाच. त्याच्या डोक्यात लूम चालू होते. मी मागून खुणेनं 'आवाज, आवाज' करतोय, पण त्याला वाटलं मी शाबासकी देतोय, आणि तो आणखी जोरात हात करायला लागला. रानात भटकताना तर त्यानं अशी काही तंगडतोड दाखवली, की पुढच्या बाकावरच्या बायका तोंडाला रुमाल लावून हलायला लागल्या. पंचांतले एक गृहस्थ आपलाच कान कोरत होते.

पूर्ण वीस मिनिटं. मग त्यानं समाधानानं घाम पुसला आणि लोकांचे चेहरे पाहिले. तेव्हा त्याला कळलं. तो चेहरा मला आजही आठवतो. आपण आईचा शब्द मोडला, असं त्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

पंचांनी तिथल्या तिथे नापास केलं. वहिनी काही बोलली नाही, आणि ती बोलत नाही म्हणजे प्रकरण गंभीर. आम्ही बाहेर पडणार, तेवढ्यात कोपऱ्यातल्या बाकावरून एक म्हातारा उठला. सोलापूरकडचा, आयुष्यभर लूम चालवलेला, बहिरा. तो पादरीसमोर उभा राहिला आणि हातांनी सांगू लागला. अकरा वर्षं या बाकावर बसतो. लोक उठले की उठतो, बसले की बसतो. आज पहिल्यांदा कळलं. मग त्यानं कपाळावर हात आडवा धरला, दोन्ही हात छातीशी घेतले आणि ढसाढसा रडला.

पाळकसाहेब दारातून हे सगळं बघत होते.

पुढच्या रविवारी म्हाताऱ्यानं आणखी दोघांना आणलं. पाळकसाहेबांनी पादरीला बाजूला एक स्टूल दिलं. ते बोलायचे, हा हात करायचा. दुपारी कारखान्याच्या ओट्यावर दुसरी बैठक, ती सगळ्यांसाठी. चाचा यायचा, तेलुगू विणकर यायचे. तिथं धर्म कमी आणि सुनांच्या तक्रारी जास्त. कुणाचा धर्म बदलला नाही, पण कित्येकांची तोंडं उघडली. शेवटी पादरी छोटी प्रार्थना करायचा. डोळे मिटलेल्या बहिऱ्याला आमेन झालेलं कसं कळणार? म्हणून तो उठून एकेकाच्या खांद्याला हात लावायचा. म्हणजे झालं, उघडा डोळे.

त्याच पावसाळ्यात एकदा लाइट गेली. लूम थांबले, सगळे ओरडले, हसले, बाहेर पळाले. बघतो तर पादरी माझ्याशेजारी चहाचा ग्लास घेऊन उभा.

"आज ऐकायचं न्हाय?"

"आलंय की कवाच," तो फुंकर मारत म्हणाला. "मीच कानाकडं लक्ष लावून बसलेलो."

त्यानंतर त्यानं एकही रजा मागितली नाही. मला मुकादम म्हणून बरं वाटायला हवं होतं. खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटला.

सात-आठ वर्षं असंच चाललं. मग एका दुपारी शिफ्ट संपवून घरी गेला, जेवला, छातीत दुखतंय म्हणाला आणि गेला. वहिनी म्हणाली, "या वेळी रजा न सांगताच."

दफनाला आम्ही सगळे गेलो. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, आमेन म्हटलं. लोकांनी माती टाकली आणि हळूहळू निघाले. मागच्या रांगेत त्याचे बहिरे तसेच उभे होते, डोळे मिटून. चाचानं दुवा मागताना धरतात तसे हात पुढे धरले होते. कुणी त्यांना सांगायलाच नव्हतं.

शेवटी मीच गेलो आणि एकेकाच्या खांद्याला हात लावला. चाचा सगळ्यात शेवटी होता. हात लागताच त्यानं हसत डोळे उघडले आणि वळून बघितलं. मी होतो. त्याचं हसू गेलं, आणि तेव्हा मला रडू आवरेना.