फोटोसाठी पखवाज

पेणच्या कचेरीत भजनी मंडळांचे अर्ज घेणारे एक क्लार्क होते. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. ते समोरच्याशी न बोलता कागदाशी बोलत, आणि बोलून झालं की पेनाला टोपण लावत. म्हणजे विषय संपला.

आमच्या गडब गावच्या मंडळाला सरकारी योजनेतून पखवाज हवा होता. अर्जाला पखवाजासह भजन करतानाचा फोटो जोडायचा होता.

"पखवाज नाय म्हणून तर अर्ज केलाय, साहेब," मी म्हणालो.

"फोटो लागतो," ते अर्जाला म्हणाले. मग खुर्चीवर चढून त्यांनी कपाटावरचा जुना पखवाज काढला आणि माझ्या हातात दिला. "सोमवारी परत आणा. वाजवायची गरज नाय." टोपण लागलं.

सोमवारी मी फोटो आणि पखवाज टेबलावर ठेवला. फोटो त्यांनी पाहिलाच नाही. पखवाज वाजवायचा तर डाव्या तोंडाला ओली कणीक लावावी लागते. ती कडेला सुकून चिकटली होती. त्यांनी ती नखाने खरवडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पुसायची राहिली, साहेब. मंडळी ऐकेनात. दोन दिवस भजनच चाललं."

त्यांनी अर्जावर शिफारस लिहिली आणि तो वेगळा ठेवला. शेजारी अर्जांचा उंच गठ्ठा धूळ खात पडला होता.

"हे कोणाचे?" मी विचारलं.

"यांनी पखवाज स्वच्छ परत केला," ते गठ्ठ्याला म्हणाले आणि टोपण लावलं.