जास्वंदीचा खोडवा

ऊसपट्ट्यात उंचीला फार मान. देवळाली प्रवरेच्या त्या शाळेतली जास्वंदही त्यामुळे दोन वर्षं कौतुकात वाढली. मुख्याध्यापकांच्या ऑफिससमोर नऊ झुडपं होती. त्यातली सात पुरुषभर उंच गेली. खाली नुसत्या काठ्या, शेंड्याला मूठभर पानं. फूल म्हणाल तर एक नाही. क्लार्क श्रीमंत यांनी उसाला घालतात तसा युरिया घातला. झुडपं आणखी हातभर वर गेली आणि श्रीमंतांनी ते यश मानलं.

माळीकाम छबूबाईकडे होतं. मूळची पाथर्डीकडची, वीस हंगाम ऊस तोडलेला. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा गेला आणि छबूबाई अर्धा कोयता झाली. अर्धा कोयता टोळीत कोण घेतो? मुकादम नाही म्हणाला, शाळा हो म्हणाली, तीही रोजंदारीवर. ही रोजंदारी गेली तर पुढे काय, असं तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. उत्तर ठाऊक होतं.

जानेवारीत पत्र आलं: पंधरा मार्चला संस्थेचं तपासणी पथक. राधाकृष्ण सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, बऱ्याच दिवसांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"छबूबाई, एवढी वाढतात, मग फुलत का नाहीत?"

"वाढत न्हाईत सर, पळत्यात. उजेड हुडकीत."

तिनं फुटक्या फरशीचे तुकडे आणले आणि सकाळी, दुपारी, उन्हं उतरताना, असे सावलीच्या कडेकडेनं मांडत गेली. तुकड्यांची रांग टोकाच्या दोन झुडपांपाशी थांबली. ती दोन बुटकी, दाट, तांबड्या फुलांनी लगडलेली. बाकी सात ज्या सावलीत होती, ती सावली दक्षिणेकडच्या वीस फुटी बोर्डाची. त्यावर लिहिलं होतं, 'हिरवी शाळा, सुंदर शाळा'. खाली संस्थेच्या अध्यक्षांचा हसरा फोटो.

सरांनी तुकडे पाहिले, बोर्ड पाहिला आणि आवाज खाली आणला. "बोर्ड हलायचा नाही. छाटणी करा. वरचा तिसरा हिस्सा, जास्त नको."

शनिवारी शाळा सुटल्यावर तिनं कोयता काढला. पहिल्या झुडपाचा तिसरा हिस्सा उतरवला. उरली ती काठीच. मग हातानं आपलं आपण ठरवलं. ऊस बुडातून तोडायचा, बुडख्यातून पुन्हा फुटतो तो खोडवा, हे त्या हाताला वीस वर्षं पाठ. हात थांबला तेव्हा सहा झुडपं गुडघ्याएवढी आणि सातवं घोट्याएवढं उरलं होतं.

सोमवारी सर फाटकातच थबकले.

"हे काय केलंत?"

"खोडवा ठिवला, सर."

"हा ऊस आहे?"

तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं. उसाचे फुटणारे डोळे मातीखाली असतात. जास्वंदीचे काडीवर. काडी तर तिनं तोडून ढीग घातला होता.

"तपासणीपर्यंत फुटली नाहीत," सर शांतपणे म्हणाले, "तर सोळा तारखेपासून येऊ नका."

त्यांचा शांतपणा शाळेत सगळ्यांना माहीत होता. छडीपेक्षा लोक त्याला भीत.

छबूबाईनं युरिया बंद केला, पाणी बेतानं दिलं. रोज सकाळी नखानं साल खरवडून बघायची. आत हिरवं दिसलं की पुढच्या झुडपाकडे. सातव्याची साल चौथ्या दिवशी तपकिरी निघाली.

"मावशी, खाजवून खाजवूनच मारताल त्यास्नी," श्रीमंत ऑफिसातून म्हणाले.

"तुमचा युरिया पचवला त्यांनी. माज्या नखानं काय व्हतंय?"

बोलली खरी. पण दहावा दिवस गेला, पंधरावा गेला. शेजारच्या मळ्यात टोळी उतरली आणि कोयत्यांचा सपसप आवाज परिपाठाच्या वेळी थेट आवारात येऊ लागला. छबूबाई त्या बाजूला पाठ करून झाडायची.

एकविसाव्या दिवशी पहिल्या खोडावर हिरवी टाचणी दिसली. आठवड्यात सहाही फुटली. पण फूट फिकी, लांबट आणि सगळी एकाच अंगाला कललेली. तिला हायसं वाटायला सवडच मिळाली नाही. महिन्याभरात पुन्हा काठ्याच होणार होत्या.

तिनं सरांना बोलावून आणलं. "तोंड कुनीकडं हाय बगा त्यांचं."

सरांनी पाहिलं. सहाही झुडपांनी अध्यक्षांकडे पाठ फिरवली होती.

"बोर्डाचं मी सांगितलंय तुम्हाला."

"बोर्डाचं न्हाई म्हनत मी. सायबांचं म्हनते. हितं त्यांचा फोटो बगतं कोन? मी आन् पोरं. फाटकावर लावला तर रस्त्यानं जानाऱ्या-येनाऱ्याला दिसंल."

सरांनी फाटकापर्यंत जाऊन रस्ता पाहिला. दुपारी बोर्ड फाटकावर गेला. संध्याकाळपर्यंत ती कल्पना सरांची झाली होती.

पंधरा मार्चला पथक आलं. फाटकावर थांबून सगळ्यांनी फोटो निरखला, एकानं मान डोलावली. आत ऑफिससमोर सहा झुडपं, गुडघ्याच्या वर, दाट, काळसर हिरवी. फूल एकही नाही. सातव्या जागी काहीच नाही. पथक बोलत बोलत पुढे गेलं.

सर मागे राहिले. छबूबाई झाडू धरून उभी.

"फुलं?"

"अजून म्हैनाभर, सर. सातवं मेलं. म्याच मारलं, लई खाली तोडलं."

सरांनी झुडपं मोजली. मग टोकाच्या दोघांकडे पाहिलं.

"ही दोन पण जरा वर चाललीत," ते म्हणाले. "उद्या येताना कोयता आणा. आणि घोट्याला नको, गुडघ्याला."